मार्क लेनर्ड : पहिला रोम्युलन, स्पॉकचे वडील आणि गोरिला सेनापती

नक्षत्रवाट

मार्क लेनर्ड हे नाव घेतलं तर फार थोड्यांना चेहरा आठवतो. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अवकाश मालिकेतल्या टोकदार कानांच्या स्पॉकचे वडील म्हटलं की मात्र लगेच डोळ्यांसमोर येतो. उंच, करड्या केसांचा, आवाज न चढवता समोरच्याला गप्प करणारा तो राजदूत सारेक. चरित्र अभिनेत्यांच्या वाट्याला नेहमी हेच येतं. माणूस लक्षात राहतो आणि नाव विसरलं जातं. म्हणून हा धागा त्यांच्या नावाने काढतोय.

थोडक्यात माहिती. जन्म १५ ऑक्टोबर १९२४, शिकागो. मूळ नाव लिओनार्ड रोझेन्सन. बालपण मिशिगन राज्यातल्या साउथ हेवन या तळ्याकाठच्या गावात गेलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झाले, छत्रीधारी सैनिकाचं प्रशिक्षण घेतलं, पण प्रत्यक्ष लढाईवर जाण्याची वेळ आली नाही. पुढे न्यूयॉर्कची रंगभूमी, आणि मग साठच्या दशकात दूरचित्रवाणी. २२ नोव्हेंबर १९९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाने निधन झालं. वय ७२.

विज्ञानकथेतलं त्यांचं महत्त्वाचं काम असं: १९६६ मध्ये स्टार ट्रेकच्या 'बॅलन्स ऑफ टेरर' भागातला रोम्युलन कमांडर. १९६७ मध्ये 'जर्नी टू बेबल'मधला सारेक. १९७३ च्या अ‍ॅनिमेटेड मालिकेत सारेकचाच आवाज. १९७४ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' मालिकेत गोरिला सेनापती उर्को. १९७९ मध्ये 'क्लिफहँगर्स'मधल्या 'द सीक्रेट एम्पायर'चा सम्राट थॉर्व्हल आणि त्याच वर्षी पहिल्या स्टार ट्रेक चित्रपटातला क्लिंगॉन कप्तान. १९८१ मध्ये 'बक रॉजर्स'मधला राजदूत डुव्हो, ज्याचं डोकं धडापासून वेगळं होतं. त्यानंतर पुन्हा सारेक, तीन चित्रपटांत आणि 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या स्टार ट्रेक मालिकेच्या दोन भागांत.

रोम्युलन, व्हल्कन (सारेकचा, भावना आवरून तर्काने चालणारा वंश) आणि क्लिंगॉन या तिन्ही परग्रही वंशांच्या भूमिका करणारे ते पहिले नट. माझं म्हणणं इतकंच आहे की हा योगायोग नाही. पडद्यावर मिळालेल्या मोजक्या मिनिटांत एका अख्ख्या संस्कृतीचं वजन उभं करायचं, हे त्यांना येत होतं. ते कसं, यावर जाणकारांनी लिहावं.

कप्तान_निवृत्त

धाग्याबद्दल आभार. सुरुवात 'बॅलन्स ऑफ टेरर'पासूनच करायला हवी. १५ डिसेंबर १९६६ ला प्रसारित झाला. लेखक पॉल श्नायडर, दिग्दर्शक व्हिन्सेंट मॅकव्हीटी.

हा भाग म्हणजे पाणबुडीयुद्धाची कथा अवकाशात नेलेली आहे. रोम्युलन जहाज अदृश्य होऊ शकतं, पण त्यात प्रचंड ऊर्जा जाते आणि हल्ला करायचा तर दृश्य व्हावंच लागतं. त्यांचं प्लाझ्मा अस्त्र जवळून चौकी भस्म करतं, पण लांबच्या अंतरावर विरून जातं. शिवाय इंधन मोजकं. म्हणजे कमांडरच्या हातातलं प्रत्येक हत्यार काहीतरी किंमत मागतं, आणि तो हिशेब लेनर्ड सबंध भागभर चेहऱ्यावर वागवतात. बढाई मारणारा शत्रू उभा करणं सोपं होतं. त्यांनी थकलेला, आपल्याच सरकारच्या हुकमाबद्दल मनात शंका असलेला, तरी हुकूम पाळणारा सैनिक उभा केला.

पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कर्क, म्हणजे एंटरप्राइज या नायकांच्या जहाजाचा कप्तान, आणि कमांडर एका खोलीत कधीच येत नाहीत. अगदी शेवटी पडद्यावरून एकदाच बोलतात. तरी दोघं एकमेकांची चाल ओळखतात हे आपल्याला पटतं, कारण लेनर्ड हरेक हुकमाआधी क्षणभर थांबतात. समोरच्याच्या डोक्यात शिरून विचार करणारा माणूस त्या थांबण्यातून दिसतो.

आणि डेसियसचा प्रसंग. तरुण अधिकारी परवानगीशिवाय संदेश पाठवतो, त्यामुळे जहाजाचा ठावठिकाणा उघड होऊ शकतो. कमांडर त्याला तिथल्या तिथे दोन पायऱ्या खाली उतरवतो. आवाज चढत नाही. पण डेसियसचे वर बसलेले मित्र आपल्याला नडणार हेही त्याला माहीत आहे, आणि ते वृद्ध सेंच्युरियनशी बोलताना कळतं. सेंच्युरियन जॉन वॉरबर्टन यांनी केला आहे. या दोन म्हाताऱ्या सैनिकांची जुनी मैत्री तीन-चार वाक्यांत उभी राहते. पुढे त्याच मित्राचं प्रेत भंगारासोबत बाहेर सोडून शत्रूला फसवायची वेळ येते तेव्हा लेनर्ड यांचा चेहरा पाहा.

रंगपेटी

वर सगळ्यांनी अभिनयाचं लिहिलंय, मी रंगभूषेचं लिहिते, कारण या भागात दोन्ही एकमेकांत गुंतले आहेत.

रोम्युलन सैनिकांच्या डोक्यावर शिरस्त्राणं आहेत, ती कान झाकतात. कारण सरळ पैशांचं होतं. टोकदार कानांची एकेक जोडी माणसागणिक मापाची बनवावी लागते आणि कडा नाजूक असल्याने फार टिकत नाही. मागे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला कान देणं परवडणारं नव्हतं. म्हणून कान दिसतात ते लेनर्ड आणि आणखी मोजक्यांचे. रंगभूषाप्रमुख फ्रेड फिलिप्स. याचा फायदा असा झाला की मोकळ्या डोक्याचा कमांडर आपोआप गर्दीतून वेगळा दिसतो.

कथेतही या कानांवर मोठा भार आहे. रोम्युलन कसे दिसतात हे तोवर कुणी पाहिलेलं नसतं. पडद्यावर लेनर्ड यांचा चेहरा येतो आणि एंटरप्राइजवरचे सगळे स्पॉककडे वळून बघतात. लेफ्टनंट स्टाइल्सला स्पॉकबद्दल वाटणाऱ्या संशयाला तिथून धार चढते. तो चेहरा स्पॉक साकारणाऱ्या निमॉयच्या चेहऱ्याशी मिळताजुळता नसता तर हा धक्का बसलाच नसता. गालाची हाडं, लांबट चेहरा, खोल डोळे. वर्षभराने त्यांनाच स्पॉकच्या वडिलांची भूमिका का मिळाली, त्याचं उत्तर याच दृश्यात आहे.

पेंगुळलेला_ग्रह

वाचतोय. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांनी कुठल्या क्रमाने पाहावं?

नक्षत्रवाट

@पेंगुळलेला_ग्रह, माझा क्रम असा:

१. 'बॅलन्स ऑफ टेरर' (मूळ मालिका, पहिला हंगाम)
२. 'जर्नी टू बेबल' (दुसरा हंगाम)
३. 'येस्टरइयर' (अ‍ॅनिमेटेड, १५ सप्टेंबर १९७३)
४. तिसरा चित्रपट (१९८४), लगोलग चौथा (१९८६)
५. 'सारेक' (नेक्स्ट जनरेशन, तिसरा हंगाम)
६. सहावा चित्रपट (१९९१)
७. 'युनिफिकेशन' भाग १ आणि २ (पाचवा हंगाम)

शेवटच्या दोघांबद्दल खुलासा. प्रसारणाचा क्रम उलटा आहे. 'युनिफिकेशन' नोव्हेंबर १९९१ च्या सुरुवातीला आला, त्यात सारेक वारतो. सहावा चित्रपट ६ डिसेंबर १९९१ ला लागला, त्यात तो हयात आहे, कारण ती कथा कित्येक दशकं आधीची. म्हणून या दोघांपुरती प्रसारणाची तारीख सोडून कथेचा काळ धरावा.

'येस्टरइयर' वगळू नका. अ‍ॅनिमेशन साधं आहे, पण लेखिका डी. सी. फोंटाना, म्हणजे 'जर्नी टू बेबल' लिहिणारीच. बापलेकांचं नातं तिथे अधिक खोलात जातं.

अवकाशवेडी

'जर्नी टू बेबल'वर सविस्तर लिहायचंच होतं. प्रसारण १७ नोव्हेंबर १९६७, दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी.

आधी वयांचं गणित. लेनर्ड यांचा जन्म १९२४ चा, निमॉयचा मार्च १९३१ चा. बाप मुलापेक्षा साडेसहा वर्षांनीही मोठा नाही. आईची, म्हणजे अमांडाची भूमिका करणाऱ्या जेन वायट १९१० च्या, म्हणजे नवऱ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. कागदावर हे कुटुंब जमायलाच नको. पडद्यावर कुणालाही शंका येत नाही. करडे केस हा एक भाग झाला, पण खरं काम देहबोलीचं आहे. निमॉयचा स्पॉक वळताना मान आधी वळवतो. लेनर्ड यांचा सारेक सबंध शरीराने वळतो, सावकाश, आणि वळून झाल्यावरच बोलतो. वय तिथे दिसतं. कथेत सारेक स्वतःचं वय १०२.४३७ वर्षं सांगतो, व्हल्कन हिशेबात मध्यमवय.

आगमनाचा प्रसंग बारकाईने पाहा. सारेक कर्कला व्हल्कन अभिवादन करतो. कर्क जहाज दाखवायला स्पॉकला सोबत देऊ करतो. सारेक शांतपणे दुसरा वाटाड्या मागतो. बस, तेवढंच. राग नाही, कटाक्ष नाही, स्पॉककडे पाहणंसुद्धा नाही. मग कर्क स्पॉकला सुचवतो की आपण त्यांच्या ग्रहाजवळ आहोत तर आईवडिलांना भेटून ये, आणि स्पॉक सांगतो की राजदूत सारेक आणि त्यांची पत्नी हेच माझे आईवडील. दुसऱ्यांदा पाहिलं की त्या 'दुसरा वाटाड्या'चा अर्थ कळतो. अठरा वर्षं बाप मुलाशी बाप म्हणून बोललेला नाही, कारण मुलाने व्हल्कन विज्ञान अकादमी सोडून स्टारफ्लीट, म्हणजे कर्कचं अवकाश दल, निवडली.

दुसरं म्हणजे बोटं. सारेक तर्जनी आणि मधलं बोट जोडून पुढे करतो आणि अमांडा आपली तीच दोन बोटं त्यावर टेकवते. नवराबायकोतला सारा जिव्हाळा त्या दोन बोटांत. लेनर्ड हात पुढे करताना अमांडाकडे बघत नाहीत, ती येणारच हे गृहीत आहे. ही खूण पुढे स्टार ट्रेकमध्ये कायमची रुजली.

तिसरं, आजारपण. सारेकला हृदयविकार आहे आणि त्याने ते बायकोपासून लपवलेलं आहे. लेनर्ड पहिल्या अर्ध्या भागात त्याच्या खुणा पेरत जातात. एका जागी खुर्चीचा आधार, एका जागी वाक्य अर्ध्यावर तोडून घेतलेला श्वास. टेलाराइट राजदूत गॅव्हच्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो तेव्हा तो कुठे होता हे सांगता येत नाही, कारण झटका आलेला असतो. म्हणजे आजार रहस्यकथेतही कामी येतो. पुढे शस्त्रक्रियेला स्पॉकचंच रक्त लागतं.

रंगपेटी

यात एक भर. त्याच भागात गॅव्हचं काम करणाऱ्या जॉन व्हीलर यांचा डुकरासारखा मुखवटा पाहा. डोळ्यांच्या खोबणी इतक्या खोल की नटाला समोरचं दिसण्यासाठी मान वर करावी लागायची. ती अडचण भूमिकेत मुरली. नाक वर करून सगळ्यांशी भांडणारा राजदूत, आणि त्याच्यासमोर हनुवटी जराही न हलवणारा सारेक. दोघांच्या वादाच्या दृश्यातली गंमत या विरोधात आहे.

गॅलरीतला

उर्कोबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. ती 'प्लॅनेट ऑफ द एप्स' मालिका सीबीएसवर १३ सप्टेंबर १९७४ ला सुरू झाली आणि डिसेंबरात बंद पडली. एकूण १४ भाग बनले. दर आठवड्याला तेच: दोन अंतराळवीर आणि त्यांचा चिंपांझी साथी गॅलेन पळतात, उर्को मागे लागतो, शेवटी हात चोळत बसतो. लेनर्ड यांच्यासारख्या नटाला यात काय वाव? मला ती भूमिका वाया गेलेली वाटते. चेहरा झाकला, उरलं फक्त ओरडणं.

रंगपेटी

@गॅलरीतला, लेखनाबद्दल सहमत, पण 'चेहरा झाकला' याबद्दल नाही. उर्कोची रंगभूषा कशी चालते हे कळलं की त्या कामाकडे बघण्याची नजर बदलते.

ही पद्धत जॉन चेंबर्स यांनी १९६८ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' चित्रपटासाठी बसवली, त्यासाठी त्यांना विशेष ऑस्कर मिळालं. डोक्यावरून चढवायचा अखंड मुखवटा यात नसतो. फोम रबरचे वेगवेगळे तुकडे असतात: कपाळ-भुवया-नाक-वरचा ओठ यांचा एक, हनुवटी आणि खालचा ओठ यांचा दुसरा, कान वेगळे. तुकडे वेगळे असल्यामुळे जबडा मोकळा राहतो. वर केसांचा टोप आणि गालावर चिकटवलेले केस. रोज तीनेक तास चढवायला, उतरवायला निराळा वेळ.

अडचणी अशा. एक, माकडाचा ओठ नटाच्या खऱ्या ओठापेक्षा बराच पुढे असतो. नट नेहमीसारखा बोलला तर पुढचा रबरी ओठ हलतच नाही. म्हणून प्रत्येक शब्द ओठ ताणून, जास्तीचा जोर लावून म्हणावा लागतो. दोन, आतले खरे दात दिसले तर तोंडात दुसरं तोंड दिसतं. त्यासाठी नटाचे दात काळे करतात. तीन, नट गप्प उभा राहिला की रबर मेलेलं दिसतं. ऐकत असतानाही नाक आणि गाल आतून सतत थोडे हलवत ठेवावे लागतात. चार, जेवण. चावायला लागलं की हनुवटीची कड सुटते. पातळ पदार्थ नळीने, नाहीतर आरशात बघत छोटे घास.

आता लेनर्ड यांचं वैशिष्ट्य बघा. सारेक म्हणजे चेहरा कमीत कमी हलवणं. उर्को म्हणजे तो अखंड हलवत राहणं. सात वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने ही दोन टोकं सांभाळली. उर्कोचे डोळे फक्त बघा, आवाज बंद करून. उर्कोचा वरिष्ठ झायस याच्या कामात बूथ कोलमन आहेत. त्या दोघांच्या दृश्यांत उर्को वरिष्ठाचं ऐकतो आहे पण मानत नाही, हे निव्वळ डोळ्यांवरून कळतं.

गॅलरीतला

पटलं. आवाज बंद करून एक भाग पाहतो.

ध्वनिमुद्रिका

आवाजाचा विषय निघालाच आहे तर १९७९ च्या चित्रपटाबद्दल. तो चित्रपट उघडतोच क्लिंगॉन जहाजांवर. तीन जहाजं, त्यातल्या 'अमार'चा कप्तान लेनर्ड. एक प्रचंड ढग, तिन्ही जहाजांचा नाश, काम संपलं. कपाळावर उंचवटे असलेले क्लिंगॉन इथे पहिल्यांदा दिसले. मूळ मालिकेत ते असे नव्हते.

या दृश्यात क्लिंगॉन भाषा पहिल्यांदा ऐकू येते, खाली इंग्रजी उपशीर्षकं. ते शब्द एंटरप्राइजचा अभियंता स्कॉटी याचं काम करणारे जेम्स डूहान यांनी जुळवले होते. व्याकरण नव्हतं, होते ते कानाला वेगळे वाटणारे तुटक, घशातले हुकूम. पुढे १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी पूर्ण भाषा बांधली तेव्हा हे आधीचे शब्द त्यांनी तिच्यात सामावून घेतले. म्हणजे आज जगभर जे हौशी लोक क्लिंगॉन शिकतात, त्या भाषेचे पडद्यावरचे पहिले उच्चार लेनर्ड यांच्या तोंडचे.

अर्थ नसलेल्या शब्दांत नट सहसा ठसका जास्त लावतो. लेनर्ड यांनी तसं केलेलं नाही. हुकूम देतानाचा स्वर, नोंद घेतानाचा स्वर आणि काहीच उपाय उरला नाही हे कळल्यावरचा स्वर, असे तीन निरनिराळे आहेत. उपशीर्षकांवर हात धरून ऐका, तिन्ही ओळखू येतात.

सारेकच्या आवाजाचं तंत्रही सांगण्यासारखं आहे. वाक्याच्या शेवटी ते आवाज खाली नेतात पण जोर कमी करत नाहीत. बहुतेकांचं उलट होतं, स्वर उतरला की श्वासही संपतो आणि शेवटचा शब्द गिळला जातो. रंगभूमीवर घडलेला नट इथे कळतो. शेवटच्या शब्दापर्यंत छातीत हवा शिल्लक असते.

कप्तान_निवृत्त

तिसऱ्या चित्रपटातला कर्कच्या घरातला प्रसंग याला उत्तम दाखला आहे. सारेक जाब विचारायला येतो की माझ्या मेलेल्या मुलाला दुसऱ्या ग्रहावर का सोडून आलास. कर्कला काही माहीतच नाही. मग मनमीलन, म्हणजे व्हल्कन माणसाने स्पर्शाने दुसऱ्याच्या मनात शिरणं. कर्कच्या मनात स्पॉकचा काट्रा, म्हणजे त्याचं आत्मतत्त्व, सापडत नाही. इथे सारेकचा चेहरा एकदाच ढळतो, अर्ध्या सेकंदापुरता. नंतर यंत्रखान्याच्या चित्रणातून कळतं की काट्रा जहाजाचा डॉक्टर मॅकॉय याच्याकडे आहे. शेवटी सगळं पार पडल्यावर तो कर्कला विचारतो, केवढी किंमत मोजलीस, तुझं जहाज, तुझा मुलगा. बाप दुसऱ्या बापाशी बोलतोय हे त्या ओळीत आहे.

चौथ्या चित्रपटाच्या शेवटी सारेक मुलाला सांगतो की तुझ्या स्टारफ्लीटमध्ये जाण्याला मी विरोध केला, तो निर्णय कदाचित चुकीचा असेल. हे वाक्य लेनर्ड माफी मागितल्यासारखं बोलत नाहीत. एखाद्या अहवालातली दुरुस्ती नोंदवावी तसं बोलतात. म्हणूनच ते काळजाला भिडतं. 'जर्नी टू बेबल'पासून एकोणीस वर्षं लागली या एका वाक्याला.

अवकाशवेडी

आता माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम, 'नेक्स्ट जनरेशन'मधला 'सारेक'. प्रसारण १४ मे १९९०, दिग्दर्शक लेस लँडाउ, पटकथा पीटर बीगल. लेनर्ड तेव्हा ६५ वर्षांचे, सारेक २०२ वर्षांचा.

सारेकला बेंडी सिंड्रोम झालेला आहे. उतारवयात क्वचित होणारा आजार, ज्यात व्हल्कन माणसाचा भावनांवरचा ताबा सुटत जातो. त्यात तो मनोसंवादी असल्याने सुटलेल्या भावना आसपासच्यांच्या मनात शिरतात. जहाजावर माणसं विनाकारण भांडू लागतात. सहायक साकाथ आपल्या मनोबलाने त्याला सावरतो आहे, आताची पत्नी पेरिन (जोआना माइल्स) त्याला सगळ्यांपासून जपते आहे, आणि त्याला स्वतःला हे मान्य नाही.

वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा केलेल्या कुणालाही हे घर ओळखीचं वाटेल. जवळची माणसं सांभाळून घेतात, आणि त्या सांभाळण्यामुळेच रुग्णाला आपल्या आजाराची जाणीव होत नाही. पटकथेने हे फार अचूक पकडलंय.

मैफलीच्या दृश्यात ब्राम्सचं संगीत चाललेलं असताना सारेकच्या गालावरून एकच अश्रू ओघळतो. लेनर्ड चेहऱ्याचा एकही स्नायू हलवत नाहीत. रडणारा चेहरा केला असता तर दृश्य फसलं असतं. इथे चेहरा अजून व्हल्कन आहे आणि डोळा एकटाच फितूर झाला आहे.

मग जहाजाचा कप्तान पिकार्ड याच्याशी गाठ. पिकार्ड त्याला आजाराबद्दल बोलतं करू बघतो. सारेक आधी तर्काने परतवतो, मग तर्काचे शब्द तेच ठेवून आवाज वाढत जातो, आणि शेवटी तो ओरडून सांगतो की आपल्याला राग आलेला नाही. हा चढ कुठेही तुटत नाही. दरेक वाक्य आधीच्यापेक्षा एक घर वर. पुढे मनमीलनानंतर त्याच्या भावनांचा लोंढा पिकार्ड करणाऱ्या पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांना साकारायचा असतो. पिकार्ड स्पॉक, अमांडा, पेरिन यांची नावं घेत कोसळतो. स्ट्यूअर्ट यांच्या त्या दृश्याचं कौतुक सगळे करतात, ते योग्यच आहे. पण ते दृश्य उभं राहतं लेनर्ड यांनी तेवीस वर्षं न दाखवलेल्या भावनांवर.

कप्तान_निवृत्त

सर्वोत्तम कुठलं यावर माझं मत वेगळं, मी 'बॅलन्स ऑफ टेरर'ला झुकतं माप देईन. 'सारेक'मध्ये प्रेक्षकाला पात्र आधीपासून ठाऊक आहे. रोम्युलन कमांडरला नावसुद्धा नाही. पन्नास मिनिटांच्या भागात, त्यातही निम्मा वेळ एंटरप्राइजवर, त्यांनी शून्यापासून माणूस उभा केला. मूळ मालिकेचा भाग साधारण सहा दिवसांत चित्रित व्हायचा. पाहुण्या नटाला त्यातले थोडेच दिवस. तालमीला वेळ नाही, पात्राचा पूर्वेतिहास नाही, नंतर पुन्हा बोलावतील याची खात्री नाही.

अवकाशवेडी

हे मान्य. तरी 'युनिफिकेशन'चा पहिला भाग पाहून परत सांगा. सारेक अंथरुणाला खिळलेला, केस विस्कटलेले. पिकार्ड स्पॉकची चौकशी करतो. सारेक सांगतो की लहानपणी स्पॉक दिवसेंदिवस डोंगरात नाहीसा व्हायचा. त्याच बोलण्यात भान येतं आणि जातं, आणि लेनर्ड प्रत्येक वेळी तो सांधा वाक्याच्या मधोमध आणतात. पुढचं वाक्य सुरू करून दाखवलं असतं तर सोपं गेलं असतं, पण भ्रम असा वाक्यं संपायची वाट बघत नाही.

आता 'येस्टरइयर' आठवा. त्यात छोटा स्पॉक एकटाच डोंगराकडे निघून जातो. १९७३ मध्ये ज्या सारेकला लेनर्ड यांनी आवाज दिला, तोच १९९१ मध्ये मुलाच्या त्या डोंगरांची आठवण काढत मरतो. लेखकांनी ठरवून केलं असेल-नसेल, क्रमाने पाहणाऱ्याला ते जाणवतं. बापाच्या मृत्यूची बातमी पिकार्डला क्लिंगॉन जहाजावर मिळते आणि ती स्पॉकला सांगायचं काम त्याच्यावर येतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी स्पॉक पिकार्डशी मनमीलन करतो, कारण वडिलांशी त्याने ते कधीच केलेलं नसतं. लेनर्ड त्या दृश्यात नाहीत, तरी ते त्यांचंच आहे.

पेंगुळलेला_ग्रह

पहिले दोन पाहिले. अप्रतिम. दोन प्रश्न. एक, माझ्याकडे सगळ्यांचे चेहरे फुगीर दिसत होते. दोन, @रंगपेटी, आमच्या हौशी एकांकिकेत दोघांना असे कान हवेत. घरी जमतील का?

ध्वनिमुद्रिका

पहिल्याचं उत्तर. या मालिका ४:३ चौकटीत आहेत. टीव्ही ती ओढून १६:९ करतो. चित्राच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. 'झूम' नको, त्यात वरून-खालून चित्र कापलं जातं आणि सारेकच्या जवळच्या दृश्यांत कपाळ जातं. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवा.

मूळ मालिकेची २००६ पासून नवी आवृत्ती आली, तिच्यात जहाजांची दृश्यं संगणकावर नव्याने केली आहेत. ब्लू-रेवर जुनी आणि नवी दोन्ही मिळतात. 'बॅलन्स ऑफ टेरर' आधी जुन्या दृश्यांसह पाहावा असं माझं मत, वाह चांग यांनी बनवलेली पोटावर पक्षी रंगवलेल्या जहाजाची खरी प्रतिकृती त्यात आहे. 'नेक्स्ट जनरेशन' मात्र नव्या आवृत्तीतच बघा. ती चित्रित झाली होती ३५ मिमी फिल्मवर, पण संकलन व्हिडिओ टेपवर झालं, त्यामुळे जुनी प्रत पुसट आहे. नवी प्रत मूळ फिल्मवरून केली आहे. मैफलीतला तो अश्रू जुन्या प्रतीत हरवतो.

रंगपेटी

कान जमतील. व्यावसायिक पद्धत फोम लॅटेक्सची, म्हणजे फेसाळवलेल्या रबराच्या चिकाची: १५० ग्रॅम लॅटेक्स, ३० ग्रॅम फोमिंग एजंट, १५ ग्रॅम क्युअरिंग एजंट, सुमारे १४ ग्रॅम जेलिंग एजंट, मिक्सरमध्ये फेटून साच्यात, मग ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तीन-एक तास भट्टीत. कमी भाजलं तर चिकट राहतं, जास्त भाजलं तर भुगा होतो. साचा ओलसर असेल तर वाफेने भोकं पडतात किंवा तो तडकतो. मुंबई-कोकणच्या उकाड्यात मिश्रण भांड्यातच आळतं, म्हणून जेलिंग एजंट एखाद-दोन ग्रॅम कमी. आणि ती भट्टी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही.

दोन जोड्यांसाठी एवढा खटाटोप नको. द्रव लॅटेक्सने करा:

१. कानाच्या भोकात कापूस, केसांना आणि त्वचेला व्हॅसलीन, मग दातांच्या डॉक्टरांकडचं अल्जिनेट लावून कानाचा ठसा. दोन-चार मिनिटांत घट्ट होतं, थंड पाण्याने थोडा जास्त वेळ मिळतो. ठसा लगेच प्लास्टरने भरा, तासाभरात तो आकसतो.

२. प्लास्टरच्या कानावर मातीने टोक घडवा. नवशिके टोक फार उंच करतात. कानाच्या पाळीच्या वरच्या रेषेतूनच ते वर जायला हवं, किंचित मागे झुकून. कडा कागदासारख्या पातळ.

३. त्यावर प्लास्टरचा साचा. दोन दिवस पूर्ण सुकू द्या.

४. आत द्रव लॅटेक्सचे सहा ते आठ पातळ थर. प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा. कडांना दोनच थर. सुकल्यावर आतून पावडर मारून सोडवा, नाहीतर लॅटेक्स लॅटेक्सला चिकटतं आणि सुटत नाही. टोकात थोडा कापूस भरा म्हणजे ते वाकणार नाही.

५. लावण्याआधी कान स्पिरिटने पुसून कोरडे करा. तेल-घाम राहिला की कड सुटणार. स्पिरिट गमचा (नट दाढी-मिशा चिकटवतात तो डिंक) पातळ हात, बोटाने टपटपवत चिकटपणा येऊ द्या, मगच दाबा. ओला असताना दाबला की घसरतो.

६. रंग: साधं तेलकट ग्रीसपेंट लॅटेक्स खराब करतं. एरंडेल तेलावर आधारित रबर ग्रीस घ्या. खरा कान मागून प्रकाश आला की लालसर दिसतो, लॅटेक्स तसा दिसत नाही. म्हणून कडांवर स्पंजाने थोडा तांबूस रंग टिपा, नाहीतर कान खडूचे वाटतात.

एक दिवस आधी दोघांच्याही कोपराच्या आतल्या बाजूला लॅटेक्स आणि गम लावून बघा. खाज किंवा पुरळ आलं तर वापरायचं नाही. काढताना ओढू नका, रिमूव्हर ब्रशने कडेखाली घालत जा.

भुवया विसरू नका, त्यांच्याशिवाय कान परीकथेतले वाटतात. बाहेरचा अर्धा भाग गोंदाच्या कांडीने चपटा करून झाका आणि वर क्रेपचे केस लावा. सुरुवात वरच्या बाहेरच्या टोकापासून, मग आत-आत येत जायचं, म्हणजे प्रत्येक नवा थर आधीच्याची मुळं झाकतो. सारेकसाठी त्यात थोडे करडे केस मिसळा, आणि कोन स्पॉकपेक्षा जरा कमी तिरका ठेवा.

पेंगुळलेला_ग्रह

सगळं उतरवून घेतलं. अल्जिनेट उद्याच आणतो. कोपरावरची चाचणी आधी, कान नंतर.

नक्षत्रवाट

'सीक्रेट एम्पायर'बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून तेवढं. अमेरिकी पश्चिमेतला मार्शल जमिनीखालच्या परग्रहवासी नगरात पोचतो. वरची दृश्यं तपकिरी छटेत, खालचं नगर रंगीत. लेनर्ड यांचा सम्राट थॉर्व्हल त्या रंगीत अर्ध्यात आहे. मालिका अल्पायुषी ठरली, पण ज्यांना सारेकचा भारदस्तपणा खलनायकाकडे गेल्यावर कसा दिसतो ते पाहायचंय त्यांनी मिळेल तिथून मिळवावी. आणि 'हिअर कम द ब्राइड्स' (१९६८ ते १९७०) ही विज्ञानकथा नाही, पण त्यातला गिरणीमालक आरन स्टेंपल त्यांनी दोन हंगाम केला. ज्यांनी त्यांना कानांशिवाय पाहिलेलं नाही त्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.